'सिल्व्हर ब्लेझ' : पशुकृत मृत्यू आणि पुराव्याचा प्रश्न

१

आर्थर कॉनन डॉयल यांची 'सिल्व्हर ब्लेझ' ही कथा १८९२ च्या डिसेंबरात 'स्ट्रँड' मासिकात प्रथम प्रसिद्ध झाली, आणि पुढे शेरलॉक होम्सच्या स्मृतिकथांचा संग्रह निघाला तेव्हा त्यात तिला पहिले स्थान मिळाले. रहस्यकथांच्या चर्चेत या कथेचा उल्लेख हटकून येतो तो रात्री न भुंकलेल्या कुत्र्यामुळे. एखादी गोष्ट न घडणे हाही पुरावा कसा होऊ शकतो, हे दाखविण्यासाठी कथेतील तो प्रसंग वारंवार सांगितला जातो. या प्रसिद्धीचा एक परिणाम मात्र असा झाला आहे की, कथेच्या केंद्रस्थानी असलेल्या मूळ प्रश्नाकडे वाचकाचे लक्ष फारसे जात नाही. माणसाच्या मस्तकावर झालेला प्राणघातक आघात दुसऱ्या माणसाने केला की पशूने केला, हे कशावरून ठरवावयाचे, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न केवळ कथेपुरता नाही. गोठ्यात, तबेल्यात किंवा शेताच्या बांधावर एखादा मनुष्य एकटाच मरून पडलेला आढळतो. घटना पाहणारा कोणी नसतो. जनावर कधी तेथेच उभे असते, तर कधी दावे तोडून निघून गेलेले असते. अशा वेळी तपास करणाऱ्याच्या हातून दोन प्रकारची चूक होऊ शकते. जनावराच्या आघाताने आलेल्या मृत्यूबद्दल एखादा निरपराध मनुष्य कोठडीत जाऊ शकतो; उलटपक्षी, माणसाने केलेला खून मुक्या जनावराच्या माथी मारला जाऊ शकतो. दोन्ही प्रसंगी निर्णय अवलंबून राहतो तो मृतदेहावरील खुणा कोणी कशा वाचल्या, यावर. खुणा वाचण्याचीच कथा असे ज्या वाङ्मयप्रकाराचे वर्णन केले जाते, त्याच्या एका नामांकित नमुन्यात हे वाचन कितपत होते, हे तपासून पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरेल.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. 'सिल्व्हर ब्लेझ'मध्ये होम्स सिद्ध करतो ते मृत मनुष्याचे दुष्कृत्य. त्याच्या मृत्यूचे कारण तो सिद्ध करीत नाही. या दोन गोष्टींतील अंतर वाचकाच्या ध्यानात येऊ न देणे हेच या कथेच्या रचनेचे मुख्य कौशल्य आहे, आणि तिची मर्यादाही तीच आहे.

२

कथेतील घटना प्रथम लक्षात घेऊ. डार्टमूरच्या माळरानावरील किंग्ज पायलंड येथे कर्नल रॉस यांचा तबेला आहे. वेसेक्स चषकाच्या शर्यतीत ज्याच्यावर सर्वांचा भरवसा, तो सिल्व्हर ब्लेझ हा घोडा एका सोमवारी रात्री नाहीसा होतो. घोड्यांना तयार करणारा जॉन स्ट्रेकर हा त्यांचा जुना नोकर दुसऱ्या दिवशी सकाळी तबेल्यापासून सुमारे पाव मैलावर एका खोलगट जागी मरून पडलेला सापडतो. एखाद्या जड हत्याराच्या भीषण तडाख्याने व्हावी तशी त्याच्या डोक्याची शकले झाली आहेत. मांडीवर लांब, स्वच्छ कापलेली जखम आहे. उजव्या हातात रक्ताने माखलेली लहान सुरी आहे, आणि डाव्या हातात लाल व काळ्या रंगाचा रेशमी गळपट्टा आहे.

हा गळपट्टा फिट्झरॉय सिम्पसन नावाच्या इसमाचा. आदल्या संध्याकाळी तो तबेल्याच्या खिडकीशी येऊन शर्यतीची बातमी काढू पाहत होता. त्याच्याजवळ शिसे भरून जड केलेली एक काठी सापडते. तिचे वारंवार घाव घातले तर अशा जखमा होऊ शकतील, असे पोलिसांचे मत पडते आणि सिम्पसनला अटक होते. त्याच्या अंगावर सुरीची एकही जखम नाही, ही त्याच्या बाजूची अडचण. परंतु मेंदूला मार बसल्यावर जे झटके येतात, त्यांत स्ट्रेकरची मांडी त्याच्याच सुरीने कापली गेली असावी, असे डॉक्टर वॉटसन सुचवितो. होम्स हे मान्य करतो, आणि तसे असेल तर आरोपीच्या बाजूचा एक मोठा मुद्दा नाहीसा होतो हेही बोलून दाखवितो.

येथे एक तपशील विशेष महत्त्वाचा आहे. झटापटीच्या वेळी घोडा त्या खोलगट जागी हजर होता, हे चिखलातील खुरांच्या खुणांवरून पोलिसांना ठाऊक आहे. म्हणजे तपासाच्या पहिल्याच दिवशी एका बाजूला फुटलेले मस्तक आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याच जागी पोलादी नाल ठोकलेला, एका लाथेत कवटी फोडू शकेल असा पशू आहे. या दोहोंचा संबंध इन्स्पेक्टर ग्रेगरीच्या मनात येत नाही. घोडा ही चोरीला गेलेली मौल्यवान वस्तू आहे, अशा दृष्टीनेच तो त्याच्याकडे पाहतो. ज्या वस्तूसाठी गुन्हा घडला असे आपण मानले, तीच मृत्यूचे साधन असू शकेल ही कल्पना त्याला शिवत नाही. डॉयल यांनी पोलिसांची ही मनोवस्था फार मार्मिकपणे टिपली आहे. घोड्याची किंमत हाच त्याच्यावरचा संशय दूर ठेवणारा पडदा ठरतो, हे कथेचे खरे रहस्य होय. आणि न भुंकणाऱ्या कुत्र्यापेक्षाही ही कल्पना अधिक खोल आहे, असे मला वाटते.

३

आता होम्सने गोळा केलेला पुरावा पाहू. पहारेकरी मुलाच्या मटणात अफू घातलेली होती. अफूची चव झाकली जाईल असा मसालेदार पदार्थ त्याच रात्री शिजावा, ही गोष्ट बाहेरून आलेल्या सिम्पसनच्या हाती नव्हती. ती घरच्या माणसाच्याच हाती होती. तबेल्यात कोणी शिरले आणि घोडा बाहेर नेला तरी कुत्रा भुंकला नाही. म्हणजे येणारा त्याच्या परिचयाचा होता. मृताच्या हातातील सुरी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची, अत्यंत नाजूक पात्याची आहे. खिशात दुसऱ्याच्या नावाने केलेले स्त्रीच्या उंची वस्त्रांचे बिल आहे, त्यावरून स्ट्रेकरचा दुहेरी संसार आणि पैशाची निकड उघड होते. चिखलात अर्धवट जळालेली मेणाची काडी सापडते. मृताच्या खिशात मेणबत्तीचा तुकडा असतो. शेवटी, तबेल्याजवळच्या कळपातील तीन मेंढ्या अलीकडे लंगडू लागल्याचे कळते. घोड्याच्या मागच्या पायाची धोंडशीर कातडीखालून हळूच छेदण्याचा सराव स्ट्रेकरने या मेंढ्यांवर केला होता.

या शृंखलेची प्रशंसा केली पाहिजे. मेंढ्यांचा धागा तर अप्रतिमच आहे. कोणी ज्यांच्याकडे पाहतही नाही अशा जनावरांच्या पायांतून माणसाचा हेतू वाचला जातो. जळकी काडी सापडते ती होम्सने ती तेथे असणार हे आधीच ताडल्यामुळे. अनुमान आधी आणि निरीक्षण मागून, हा शास्त्रीय रीतीचा क्रम येथे नेमका पाळला आहे. डॉयल यांनी एडिंबरो येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले होते, आणि कथेच्या आदल्या वर्षी, १८९१ मध्ये, नेत्ररोगांच्या अभ्यासासाठी ते व्हिएन्नाला जाऊन आले होते. मोतीबिंदूची सुरी कथेत का आली, याचा उलगडा त्यावरून होण्यासारखा आहे.

परंतु हा सर्व पुरावा कशाचा आहे? स्ट्रेकरने पहारेकऱ्याला गुंगी आणली, घोडा बाहेर नेला, त्याला लंगडा करण्याचा त्याचा बेत होता, आणि त्या बेतामागे कर्ज व व्यभिचार होता, एवढे त्यावरून निर्विवाद सिद्ध होते. सिम्पसनचा गळपट्टा त्याच्या हाती कसा आला, याचाही उलगडा होतो: पळताना सिम्पसनच्या गळ्यातून तो पडला आणि घोड्याचा पाय बांधावयास उपयोगी पडेल म्हणून स्ट्रेकरने उचलला. पण समजा, सिम्पसन दुरून पाळत ठेवून होता. समजा, स्ट्रेकर काडी ओढून घोड्याच्या मागे वाकला असता त्याने मागून येऊन काठी हाणली, आणि घोडा बिथरून पळाला. या कल्पनेत अफू, कुत्रा, सुरी, बिल, काडी आणि लंगड्या मेंढ्या यांतील एकही गोष्ट खोटी ठरत नाही. होम्सचा प्रत्येक दुवा जागच्या जागी राहतो, आणि तरीही सिम्पसन फाशी जाऊ शकतो.

म्हणजे मृत्यू घोड्याच्या लाथेने झाला हे विधान त्या शृंखलेतून निघत नाही. ते तिच्या टोकाला जोडलेले आहे. अचानक पडलेल्या प्रकाशाने घोडा बुजला, काही अपाय होणार हे त्याला पशूच्या उपजत बुद्धीने उमगले, त्याने लाथ झाडली आणि पोलादी नाल स्ट्रेकरच्या कपाळावर बसली, असे होम्स अखेरीस सांगतो. वाचकाला हे पटते, कारण ते शोभते. दुष्ट मनुष्याचा नाश त्याच्या दुष्कृत्याच्या क्षणीच, आणि तोही ज्याला तो इजा करू पाहत होता त्याच्याकडून व्हावा, ही न्यायाची कल्पना मनाला तृप्त करते. पण काव्यगत न्याय हा पुरावा नव्हे.

४

पुरावा कोठे होता? तो मृतदेहावर होता. ग्रेगरी होम्सला स्पष्ट सांगतो की, स्ट्रेकरचे प्रेत माडीवर ठेवलेले आहे आणि दुसऱ्या दिवशी मरणान्वेषणाची चौकशी व्हावयाची आहे. होम्स खालच्या खोलीत बसून मृताच्या खिशातील वस्तू एकामागून एक पाहतो. जिना चढून तो वर गेल्याचे कथेत कोठेही सांगितलेले नाही. त्याच्याबरोबर वॉटसन आहे, आणि वॉटसन शस्त्रवैद्य आहे. सुरी कसली हे होम्स त्याला विचारतो, परंतु कवटीवर एकच घाव आहे की अनेक, हे विचारीत नाही. त्याहून नवल असे की, माळरानावर जाताना ग्रेगरीने आणलेल्या पिशवीत स्ट्रेकरचा एक बूट, सिम्पसनचा एक जोडा आणि सिल्व्हर ब्लेझची एक जुनी नाल असते. नालीचा उपयोग होतो तो घोडा कोणत्या दिशेने गेला हे शोधण्यापुरता. नाल हाती आहे, जखम त्याच घरात आहे. पण ती नाल त्या जखमेशी ताडून पाहण्याचे कोणाच्याही मनात येत नाही. सिम्पसनच्या जोड्याची चिखलातील ठशांशी तुलना झाली असल्यास तिचा निष्कर्षही अखेरच्या निवेदनात सांगितलेला नाही.

न्यायवैद्यकाच्या दृष्टीने या ठिकाणी तीन प्रश्न विचारावयास हवे होते. पहिला, आघातांच्या संख्येचा. पोलिसांच्या मते काठीचे घाव वारंवार बसले. होम्सच्या मते लाथ एकच बसली. दोन मतांतील भेद नेमका येथे आहे, आणि तो कवटीच्या परीक्षेने बऱ्याच अंशी मिटू शकतो. अनेक घाव पडले असतील तर नंतरच्या घावाच्या चिरा आधीच्या चिरांशी येऊन थांबतात. एकाच तडाख्याच्या चिरा एका केंद्रापासून फाकतात. दुसरा प्रश्न जखमेच्या आकाराचा. नाल ठोकलेल्या खुराचा आघात पुष्कळदा अर्धचंद्राकृती फाटलेली जखम आणि तिच्या खाली आत खचलेला अस्थिभंग मागे ठेवतो. गोल काठीचा घाव लांबट असतो. कवटीचा फारच चुरा झाला असेल तर हाडावरून आकार कळत नाही, अशा वेळी कातडीवरील खूण अधिक बोलकी ठरते. तिसरा प्रश्न प्रत्यक्ष साधनाचा: घोड्याच्या खुरावर, नालेच्या खाचेत, खिळ्यांच्या डोक्यांशी रक्त वा केस अडकले होते काय? आज त्या अंशावरून तो कोणाचा हेही ठरविता येते. १८९२ साली ते शक्य नव्हते. तथापि रक्त व केस डोळ्यांना दिसावयास नव्या शास्त्राची गरज नव्हती.

ही अपेक्षा त्या काळाला लागू करणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु पशुकृत मृत्यूच्या खुणा वेगळ्या ओळखण्याची विद्या एकोणिसाव्या शतकाहून पुष्कळच जुनी आहे. चीनमधील न्यायाधिकारी सोंग त्सी याने १२४७ साली मृतदेहांच्या परीक्षेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात घोडे व बैल यांच्या पायांखाली येऊन मेलेल्यांसाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. घोड्याने तुडविलेल्याच्या तोंडानाकांतून पुष्कळ रक्त येते आणि अंगावरील खुणा काळ्या दिसतात. मर्मस्थानी पाय पडला असेल तर हाडे मोडतात आणि आतडी बाहेर येतात. मर्मस्थान चुकले असेल तर कातडी फाटते, काळेतांबडे वळ उठतात, पण तेवढ्याने मृत्यू येत नाही, असे तो सांगतो. गाढवाच्या खुराची खूण लहान असते, एवढेही नोंदवावयास तो विसरत नाही. बैलाच्या शिंगाचा मार कातडी न फाटताही लाल सूज ठेवून जातो, आणि तो बहुधा छातीवर, पोटाच्या खालच्या भागी किंवा बरगड्यांवर आढळतो; मात्र या नियमाला चिकटून राहू नये, असा सावधगिरीचा इशाराही त्याने दिला आहे. जनावराच्या मनात काय होते, याविषयी तो एक अक्षरही लिहीत नाही. कोणत्या जनावराच्या कोणत्या अवयवाची कोणती खूण, आणि ती मृत्यूला पुरेशी आहे की नाही, एवढेच तो विचारतो. डॉयल यांच्या नायकाने नेमके हेच विचारलेले नाही.

५

डॉयल यांच्या बाजूने एक समर्थ उत्तर देता येईल, आणि ते येथे मांडणे न्याय्य होईल. कथा म्हणजे चौकशीचा अहवाल नव्हे. होम्स माडीवर गेला असता आणि वॉटसनने कपाळावरील अर्धचंद्र पाहिला असता, तर रहस्य त्याच पानावर संपले असते. खुनी तुमच्या पाठीशीच उभा आहे, असे सांगून होम्स कर्नल रॉसना दचकवितो, तो प्रसंग मग संभवलाच नसता. म्हणून कथाकाराने नायकाला प्रेतापासून दूर ठेवले. ही उणीव म्हणजे संविधानकाची गरज होय. वाङ्मयीन दृष्ट्या हे उत्तर ग्राह्य आहे. शर्यतीच्या नियमांविषयी आपले अज्ञान या कथेत उघडे पडल्याचे डॉयल यांनी १९२४ च्या आत्मचरित्रात मोकळेपणाने कबूल केले. पण त्याने कथेचे आकर्षण कमी झाले नाही. नियमांची चूक जशी क्षम्य, तशीच ही उणीवही क्षम्य मानता येईल.

तरीही या गरजेसाठी कथेने कोणती किंमत दिली, हे विचारण्याचा टीकेला अधिकार आहे. पहिली किंमत सिम्पसन देतो. होम्स गुरुवारी संध्याकाळी डार्टमूरला पोहोचतो आणि त्याच रात्री, म्हणजे मरणान्वेषणाच्या आधीच, लंडनला परततो. मेंढ्यांची बातमी त्याला निघतानाच लागलेली असते. चार दिवसांनी शर्यत होते, आणि तोपर्यंत सत्य त्याच्यापाशीच राहते, कारण कर्नलने दाखविलेल्या तुसडेपणाची थोडी गंमत करावी असे त्याच्या मनात असते. निरपराध माणसाच्या सुटकेसाठी त्याने या दिवसांत काही केल्याचे कथेत दिसत नाही. ज्याला तो मृत्यूचे साधन मानतो तो घोडा, त्याला लपवून ठेवणाऱ्या सायलस ब्राउनच्याच ताब्यात राहतो आणि शेवटी शर्यतीत धावतो. पुराव्याची वस्तू अशा रीतीने मैदानावर पळविली गेल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

दुसरी किंमत अधिक सूक्ष्म आहे. खुणेची जागा रिकामी राहिल्यामुळे ती भरण्यासाठी घोड्याला मन द्यावे लागते. त्याला स्ट्रेकरचा हेतू उमगतो आणि तो स्वसंरक्षणार्थ लाथ मारतो. अखेरीस त्याचा अपराध सौम्य ठरावा अशी गमतीची शिफारसही होम्स करतो. विनोदाच्या वेषात येथे जुनी कल्पनाच परत येते: पशूवर अपराध ठेवणे, आणि मग त्यातून त्याला मुक्त करणे. मध्ययुगीन युरोपात पशूंवर खरोखरच खटले चालत. ई. पी. इव्हान्स यांनी १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा कितीतरी खटल्यांची नोंद केली आहे. नॉर्मंडीतील फालेझ येथे १३८६ साली बालहत्येबद्दल एका डुकरिणीला फाशी दिले गेले. त्याबद्दल जल्लादाला दिलेल्या पैशांची व नव्या हातमोज्याची पावती उपलब्ध आहे. या गोष्टी वाचून आपण हसतो. परंतु १४५७ साली बर्गंडीतील साव्हिनी येथे झालेला खटला पाहावा. एका डुकरिणीने पाच वर्षांच्या मुलाला ठार मारले. तिची सहा पिले तेथेच रक्ताने माखलेली सापडली. न्यायालयाने डुकरिणीला मृत्युदंड दिला. पिलांना मात्र दोषी धरले नाही, कारण ती हजर होती आणि त्यांच्या अंगावर रक्त होते, तरी हत्येत त्यांचा हात होता हे कोणी सिद्ध केलेले नव्हते.

उपस्थिती वेगळी आणि कृती वेगळी, हा भेद त्या न्यायालयाने पाळला. पशूला अपराधी मानण्यात त्याची विचारसरणी आज आपल्याला विचित्र वाटते, पण पुराव्याच्या बाबतीत ते सावध होते. सिल्व्हर ब्लेझ त्या खोलगट जागी उपस्थित होता, एवढेच चिखल सांगतो. उपस्थितीवरून कृतीकडे होम्स ज्या सहजतेने जातो, ती सहजता साव्हिनीच्या न्यायाधीशाने मान्य केली नसती.

६

आपल्याकडील परंपरेत या प्रश्नाचे दोन्ही भाग एकाच ग्रंथात आढळतात, हे अभ्यासकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात आकस्मिक रीतीने मेलेल्यांच्या परीक्षेचे प्रकरण आहे. प्रेताला तेल लावून त्याची तपासणी करावी असे सांगून तेथे गळा आवळणे, बुडणे, विष, सर्पदंश इत्यादींची लक्षणे दिली आहेत; रक्ताने भिजलेला व अवयव मोडलेला देह काठ्यांनी किंवा दगडांनी मारलेल्याचा समजावा, असेही म्हटले आहे. त्याच अधिकरणात पुढे शिंगे किंवा दाढा असलेले जनावर एखाद्याला मारीत असता धन्याने त्याला सोडविले नाही तर धन्याला दंड सांगितला आहे, आणि संकटातील माणसाने हाक मारूनही त्याने दुर्लक्ष केले तर दंड दुप्पट होतो. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायातही हाच नियम आहे. मुंबई विद्यापीठाने १९६० पासून प्रसिद्ध केलेल्या र. पं. कंगले यांच्या आवृत्तीमुळे ही दोन्ही प्रकरणे आज सहज पडताळता येतात. ती शेजारी ठेवून वाचली असता एक अडचण ठळक होते. मोडलेला देह काठीने मोडला की बैलाने, हे ठरल्यावाचून दंड कोणाला आणि कोणता, हे ठरू शकत नाही. जबाबदारीचा नियम कितीही सूक्ष्म असला तरी तो खुणेच्या वाचनावर उभा असतो.

आजच्या कायद्यानेही हाच क्रम मानला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमात, आणि १ जुलै २०२४ पूर्वी लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमात, आत्महत्या, दुसऱ्याने केलेली हत्या, यंत्र व अपघात यांच्या बरोबरीने पशूकडून आलेल्या मृत्यूचा स्पष्ट निर्देश आहे. पंचांसमक्ष पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याने अंगावरील जखमा, अस्थिभंग, मुका मार यांचे वर्णन करावे आणि त्या कोणत्या रीतीने किंवा कोणत्या हत्याराने झाल्या असाव्यात हे नमूद करावे, अशी त्यात आज्ञा आहे. म्हणजे जखमेची नोंद आधी, आणि तिच्या साधनाविषयीचे मत त्या नोंदीच्या आधाराने.

व्यवहारात हा क्रम उलटण्याचा मोह मोठा असतो. आपल्या ग्रामीण भाषेत अशा जनावराला 'मारका' हे एकच विशेषण पुरते. बैल मारका म्हणून गावात प्रसिद्ध असला की गोठ्यात सापडलेल्या प्रेताचा निर्णय पंचनाम्यापूर्वीच झालेला असतो. उलट जनावर गरीब म्हणून ओळखले जात असेल तर त्याच्यावर संशय घेण्यास कोणी धजत नाही. मारकेपणाच्या लौकिकाला धन्याच्या जबाबदारीत निश्चित स्थान आहे. बायबलातील निर्गमाच्या पुस्तकात, बैल पूर्वीपासून मारका असून धन्याला तशी सूचना मिळाली होती की नाही, यावर धन्याची शिक्षा अवलंबून ठेवली आहे. परंतु धन्याला ठाऊक होते काय, हा प्रश्न वेगळा. आणि या विशिष्ट मृत्यूला हाच बैल कारण झाला काय, हा वेगळा. शिंगाची जखम बाहेरून भोसकल्यासारखी दिसू शकते. कातडीवरील तोंड लहान असले तरी आत शिंगाने वेगवेगळ्या दिशांना वाटा फोडलेल्या असतात, कारण डोके हलते आणि माणसाचे शरीरही त्याबरोबर फिरते. सुरीच्या एका वाराने तसे होत नाही. हा भेद प्रेताकडे पाहिल्यावाचून कळत नाही, मग जनावराचा किंवा माणसाचा लौकिक काहीही असो.

'सिल्व्हर ब्लेझ'मध्ये लौकिकाचाच खेळ आहे. सट्टेबाज सिम्पसनचा लौकिक वाईट, म्हणून तो आत. जुन्या विश्वासू नोकराचा चांगला, म्हणून तो बळी. शर्यतीच्या घोड्याची किंमत मोठी, म्हणून तो निष्पाप. डॉयल यांनी हे तीनही समज उलटे करून दाखविले, आणि म्हणूनच कथा आजही ताजी वाटते. मात्र समज उलटा करणे म्हणजे सिद्ध करणे नव्हे, हे त्यांच्या नायकाला जाणवत नाही. सिम्पसनला निर्दोष ठरविणारी वस्तू स्ट्रेकरच्या खिशात नव्हती, ती स्ट्रेकरच्या कपाळावर होती. कथा संपते तेव्हा वाचक समाधान पावलेला असतो. माडीवरचे ते प्रेत मात्र कोणी न वाचताच पुरले गेलेले असते. या कथेचे अध्यापन करताना विद्यार्थ्यांना कुत्रा का भुंकला नाही हे जरूर विचारावे, आणि त्याबरोबर होम्स जिना का चढला नाही, हेही विचारावे.